स्वतःचा मायक्रोमीटर घेऊन कामावर जाऊ का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वयाने बराच लहान दिसतोस म्हणून सरळ अरे-तुरे करतो, राग मानू नकोस.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेकॅनिकल डिप्लोमा, भोसरीतल्या एका जॉब शॉपमध्ये (दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणाऱ्या कारखान्यात) आठ महिने नोकरी, नऊ सीएनसी लेथ (संगणकावर चालणारी कातकामाची मशिन), दोन शिफ्ट. सगळ्या शॉपला मिळून एक डिजिटल व्हर्निअर (सरकत्या जबड्याची मापपट्टी), तोही सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये. एक ०-२५ मिलिमीटरचा मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक माप घ्यायचं हत्यार) आहे, पण त्याचा रॅचेट, म्हणजे दाब मर्यादेत ठेवणारी टोकाची मूठ, नुसता गोल फिरतो, कटकट आवाज करत नाही. मागच्या महिन्यात ६२ पिना रिजेक्ट होऊन परत आल्या आणि ‘तू नीट मापलं नाहीस’ म्हणून खापर याच्यावर फुटलं. नवीन मागितला की ‘पुढच्या महिन्यात बघू’. पगार १८ हजार. आता हा हप्त्यावर पंधरा हजारांचा डिजिटल व्हर्निअर आणि मायक्रोमीटर घ्यायच्या बेतात आहे. ॲलन की, कॅल्क्युलेटर आणि गॉगल आधीच स्वतःच्या पैशाने आणलेत, ड्रॉइंग स्वतःच्या फोनवर येतात. हे बरोबर चाललंय की मूर्खपणा, असा प्रश्न आहे.

मी आयटीआय टर्नर. पुढे ग्राइंडिंग, मग टूलरूम, आणि गेली चौदा वर्षं स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे लोकांची मापायची हत्यारं खरं बोलतात की नाही हे तपासायच्या खोलीत. पोटापाण्याचा धंदाच हा असल्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. घाई असेल तर एवढंच वाच: साधा मायक्रोमीटर घ्यायचा असेल तर घे, पण तो कंपनीच्या रजिस्टरमध्ये चढेपर्यंत त्याचं एकही माप रिपोर्टवर लिहू नकोस. हप्त्यावर डिजिटल व्हर्निअर घेऊ नकोस. आणि गॉगलचे पैसे परत माग.

आता मूळ गोष्ट. तू विचारतोयस खर्चाबद्दल, पण तुझी खरी अडचण खर्चाची नाही. पंधरा हजार हे तुझ्या पगारात मोठे पैसे आहेत हे मान्य, पण ते वर्षभरात फिटतील. प्रश्न असा आहे की पिनेचा व्यास अमुक आहे असं तू कागदावर लिहितोस तेव्हा ते म्हणणं कोणाचं असतं? तुझं की कंपनीचं? हत्यार कंपनीचं असेल तर ते कंपनीचं म्हणणं. हत्यार तुझ्या पिशवीतून आलेलं असेल तर माप बरोबर आलं तोवर ते कंपनीचं, आणि चुकलं की तुझं एकट्याचं.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. २००४ च्या आसपास मी एका कंपनीत सिलिंड्रिकल ग्राइंडिंगवर होतो. तिथला मायक्रोमीटर इतका झिजला होता की थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, हलवला तर डुगडुगायचा. दिवाळीच्या बोनसमधून मी मुंबईला नागदेवी स्ट्रीटवर जाऊन स्वतःचा घेतला. काय मिरवायचो तेव्हा! फलाटीनच्या फडक्यात गुंडाळून ठेवायचो. खंडेनवमीला मशिनवर झेंडूची माळ चढली की पूजेत तो मायक्रोमीटर मध्यभागी ठेवायचो, जणू शस्त्रागारातली तलवार.

आमच्याकडे शाफ्ट यायचा २५ एच-७ चा. म्हणजे व्यास २५.००० ते २४.९७९, मधे फक्त २१ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे २१ हजारावे भाग. (असला टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, ०.०१ च्या मायक्रोमीटरने, दोन रेघांमधला अंदाज घेत मापणं मुळातच कमजोर, आज मी ते कोणाला करू देणार नाही. तेव्हा सगळे तसंच करायचे.) एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत कोणीतरी माझा मायक्रोमीटर उचलला, चावीची पट्टी मापायला असेल, आणि त्याच्या हातून तो पडला. त्याने गुपचूप परत फडक्यात ठेवून दिला. मी सकाळी शून्य बघितलं होतं, दुपारी बघितलं नाही. जबडा पूर्ण मिटल्यावर शून्याऐवजी पंधरा मायक्रॉन दाखवत होता. म्हणजे २४.९८५ दिसलं की शाफ्ट खरा २४.९७०. शिफ्ट संपेपर्यंत २१४ शाफ्ट नेमके ‘मापात’ घासून ठेवले. मोठा राहिला असता तर पुन्हा घासता आला असता. बारीक झालेल्या शाफ्टला कोण काय करणार? गिऱ्हाइकाने डेबिट नोट पाठवली, म्हणजे त्या मालाचे पैसे आमच्या नावावर टाकले.

मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला तो मापाचा नव्हताच. ‘इन्स्ट्रुमेंटचा आयडी नंबर काय?’ आयडी नव्हता. कॅलिब्रेशनचं, म्हणजे खात्रीच्या मापाशी ताडून बघितल्याचं, सर्टिफिकेट नव्हतं. रिपोर्टवर मी इमाने-इतबारे कंपनीच्या जुन्या मायक्रोमीटरचा नंबर लिहायचो, कारण तो रकाना रिकामा ठेवायची परवानगी नव्हती. तिथेच मी संपलो. ‘कंपनीचा असताना स्वतःचा कशाला वापरलास?’ या प्रश्नाला उत्तर होतं, पण ‘तो झिजलाय’ ही तक्रार मी नेहमी तोंडीच केली होती. त्या वर्षीची पगारवाढ गेली. ज्याच्या हातून पडला त्याने आजतागायत कबूल केलेलं नाही.

त्या प्रकरणातली आणखी एक बाब मला नंतर कळली आणि ती जास्त लागली. आमच्या फोरमनने त्या वर्षीच्या खरेदीच्या यादीत ग्राइंडिंगसाठी एक मायक्रोमीटर लिहिला होता. मी स्वतःचा आणल्यावर त्याने ती ओळ खोडली. ‘ग्राइंडिंगला आहे ना एक!’ म्हणजे माझ्या पैशाने मी कंपनीची गरज भागवली नाही, फक्त दिसेनाशी केली. तुझ्या शॉपमध्येही हेच होणार आहे. तू हत्यार आणलंस की दुसऱ्या शिफ्टचा मुलगा कायमचा बिनहत्याराचा राहील, नाहीतर तुझंच वापरेल. लेखणी-पुस्तक दुसऱ्याच्या हाती गेलं की गेलंच, असं सुभाषित आहे. त्यात मायक्रोमीटरही घालायला हरकत नाही.

आता तुला वाटेल, मग सरळ ‘घेऊ नकोस’ म्हणा की. तसं म्हणत नाही, कारण स्वतःचं हत्यार ही आपल्याकडे लाजिरवाणी गोष्ट कधीच नव्हती. गवंडी थापी आणि ओळंबा घेऊनच कामावर येतो. सुताराचा रंधा सुताराचाच. त्यांच्या रोजात ते धरलेलं असतं आणि भिंत वाकडी झाली तर ‘ओळंब्याचं सर्टिफिकेट दाखव’ असं कोणी म्हणत नाही, भिंत सगळ्यांना दिसते. तुझ्या पिनेतला पंधरा मायक्रॉनचा फरक कोणालाच दिसत नाही. तो फक्त हत्याराला दिसतो, म्हणून हत्यारावर भरवसा कशाच्या जोरावर ठेवायचा हे आधी ठरवावं लागतं.

आणि इथे एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे, जी बहुतेक सुपरवायझरांना माहीत नसते. गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांसाठी जे आयएटीएफ १६९४९ मानक आहे, २०१६ सालचं, त्याच्या ७.१.५.२.१ या कलमात कॅलिब्रेशनच्या नोंदी ठेवायच्या हत्यारांमध्ये कर्मचाऱ्याच्या मालकीची हत्यारंही स्पष्ट शब्दांत घातलेली आहेत. म्हणजे कामगार स्वतःचं हत्यार आणतो हे जगभर गृहीत धरलंय. मनाई नाही. अट एवढीच की ते मोजमापासाठी वापरलं जात असेल तर कंपनीच्या हत्यारासारखीच त्याची नोंद आणि कॅलिब्रेशन झालं पाहिजे. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या सर्वसाधारण मानकात कामगाराच्या हत्याराचा असा वेगळा उल्लेख नाही, पण ७.१.५ चा रोख तोच आहे: माप घ्यायचं साधन योग्य आहे हे दाखवता आलं पाहिजे. तुमच्या शॉपकडे यातलं कोणतं सर्टिफिकेट आहे ते ऑफिसच्या भिंतीवरच्या फ्रेममध्ये बघ. काहीच नसेल तर तुमच्या गिऱ्हाइकाकडे नक्की असेल, आणि त्याचा माणूस कधी ना कधी ऑडिटला येणारच.

म्हणून तू मायक्रोमीटर घेतलासच तर त्याचा रस्ता असा आहे. पक्कं बिल तुझ्या नावावर, त्यावर सिरियल नंबर लिहून घे. नामांकित ब्रँडच्या हुबेहूब नकला बाजारात सर्रास मिळतात, डबा आणि स्टिकरसकट, त्यामुळे ‘अर्ध्या किमतीत देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पहिल्या दिवशी गेटवर इनवर्ड रजिस्टरला ‘वैयक्तिक’ म्हणून नोंद करून सही घे. नोकरी सोडशील त्या दिवशी सिक्युरिटी तुझी पिशवी उघडून ‘हा कंपनीचा दिसतोय’ म्हणेल, तेव्हा ती एक ओळ तुझ्या कामाला येईल. फ्रेमवर नावाची आद्याक्षरं कोरून घे, मोजायच्या तोंडांपासून लांब. नंतर क्वालिटीवाल्याला सांग की याला आपल्या यादीत नंबर द्या आणि पुढच्या लॉटबरोबर एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेल्या लॅबमध्ये पाठवा. साध्या मायक्रोमीटरचं कॅलिब्रेशन काही शे रुपयांत होतं. हा खर्च कंपनीने करायचा, तू नाही. इथे अडून बसलास तरी चालेल: हत्यार माझं, कॅलिब्रेशन तुमचं.

डब्यात निर्मात्याचा तपासणीचा कागद असतो, तो दाखवून ‘कॅलिब्रेटेड आहे’ म्हणू नकोस. आमच्या खोलीत मायक्रोमीटर आला की आम्ही तो २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५.०, १७.६, २०.२, २२.८ आणि २५.० मिलिमीटर अशा स्लिप गेजवर, म्हणजे नेमक्या जाडीच्या ठोकळ्यांवर, बघतो. हे विचित्र आकडे का? मायक्रोमीटरच्या स्क्रूची पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकायचं अंतर, अर्धा मिलिमीटर. पूर्ण आकडे घेतले तर थिंबल दर वेळी शून्याच्याच रेघेवर थांबेल आणि मधल्या भागातली खोट कळणारच नाही. या आकड्यांमुळे तो वर्तुळात वेगवेगळ्या जागी थांबतो. खोली २० अंशांवर, कारण लांबीचं माप २० अंश सेल्सिअसला धरायचं हे १९३१ सालीच ठरलेलं आहे. आणि आमच्या स्लिप गेज दुसऱ्या लॅबकडून तपासून येतात, ती साखळी वर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. कॅलिब्रेशन झाल्यावर हत्यारावर लावतात त्या गोल स्टिकरमागे एवढं सगळं असतं. तुझा मायक्रोमीटर कितीही भारी असला तरी या साखळीत शिरेपर्यंत तो तुझ्यापुरताच खरा.

कंपनीने नंबर द्यायला नकार दिला तर? तसं होतं. ‘उद्या तू सोडून गेलास की आमच्या यादीत भोक पडेल’ असं म्हणतात, आणि त्यात तथ्यही आहे. मग त्यावर ‘फक्त संदर्भासाठी’ अशी चिठ्ठी लाव आणि तसाच वापर. मशिनवर ऑफसेट (मापाची दुरुस्ती) देताना, पहिला पीस काढताना, स्वतःच्या मनाची खात्री करायला तो वापर. रिपोर्टवरचं अंतिम माप मात्र कंपनीच्या हत्याराने, कितीही रडका असला तरी. दोघांत फरक आला तर तो फरकच लिहून कळव. माझ्या मते स्वतःच्या हत्याराचा सगळ्यात चांगला उपयोग हाच आहे: कंपनीचं हत्यार खोटं बोलतंय हे त्याच्यामुळे तुला कळतं.

आता खरेदीबद्दल. तू डिजिटल व्हर्निअर का घेतोयस? स्क्रीनवर ०.०१ पर्यंत आकडा दिसतो म्हणून. पण त्या जातीच्या चांगल्या व्हर्निअरचीही अचूकता ±०.०२ मिलिमीटरच्या घरात असते. दिसणारा आकडा आणि भरवशाचा आकडा वेगळे. शिवाय व्हर्निअरचा जबडा पट्टीपासून बाजूला असतो, जोर दिला की किंचित कलतो. मायक्रोमीटरमध्ये माप आणि स्क्रू एका रेषेत, म्हणून तो जात्याच जास्त खरा. आमचा ठोकताळा असा की टॉलरन्सच्या दहाव्या हिश्शाइतकं बारीक हत्यार असावं, अगदीच अडलं तर चौथ्या. तुझ्या पिनेचा टॉलरन्स तीस-चाळीस मायक्रॉन असेल तर व्हर्निअर, कोणाचाही असो, त्या कामाचा नाही. दहा हजार घालून तू चुकीचंच हत्यार जरा देखणं आणशील.

त्याआधी शॉपमध्ये जो मायक्रोमीटर आहे त्याकडे बघ. रॅचेट कटकट करत नाही म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक जण हाताच्या अंदाजाने दाबतोय. रॅचेटचं काम दाब ५ ते १० न्यूटनमध्ये ठेवणं. तो गेला की दोन माणसांच्या हातून एकाच पिनेचं माप दहा मायक्रॉनने सहज वेगळं येतं, आणि दोघंही शपथेवर सांगतात की माझंच बरोबर. बहुतेक मायक्रोमीटरमध्ये रॅचेट हा सुटा भाग असतो, स्क्रूने बसवलेला. कॅलिब्रेशनवाल्यांकडे दुरुस्तीची सोय असते. नवीन मायक्रोमीटरला मालकाची सही लागते, दुरुस्ती किरकोळ खर्चात निघते. मी कितीतरी ठिकाणी बघितलंय, जो मालक चार हजारांना ‘पुढच्या महिन्यात’ म्हणतो तो चारशे रुपयांना तिथल्या तिथे हो म्हणतो.

आणि एकच पिन महिनोन्‌महिने चालणार असेल तर मायक्रोमीटरपेक्षा स्नॅप गेज, म्हणजे ठरलेल्या दोन मापांच्या खाचांचं गेज, बरा. ‘गो’ खाच पिनेवरून गेली पाहिजे, ‘नो-गो’ खाच अडकली पाहिजे, संपलं. वाचायचं काही नाही, शिफ्ट बदलली तरी फरक नाही. पुष्कळ गिऱ्हाइकं आपल्या जॉबसाठी गेज स्वतः पुरवतात, फक्त मागावा लागतो. तुमच्या मार्केटिंगवाल्याने मागितला नसेल एवढंच.

६२ पिनांबद्दल एक शंका बोलून दाखवतो, चूक असेल तर सोडून दे. पिना अंडरसाइज निघाल्या का? निघाल्या असतील तर तू मशिनवरून काढल्या काढल्या गरम मापल्या असाव्यात. २५ मिलिमीटरची स्टीलची पिन २० अंशांऐवजी ५० अंशांवर मापली तर साधारण ९ मायक्रॉन मोठी दिसते. तू ऑफसेट देऊन तेवढी कमी करतोस, रात्रभरात ती गार होते आणि गिऱ्हाइकाकडे लहान भरते. ॲल्युमिनियम असेल तर फरक जवळपास दुप्पट. इथे पंधरा हजारांचं हत्यारही तुला वाचवणार नाही. कूलंटखाली धर, पुस, दहा मिनिटं लोखंडी टेबलावर ठेव, मग माप.

आता गॉगल. इथे माझा सूर बदलतो. ॲलन की, कॅल्क्युलेटर, मार्कर, स्वतःच्या हाताला बसलेली फाइल, हे आणलंस तर मी काही म्हणणार नाही. मी पण आणायचो, आणि आणायचं एक कारण असंही होतं की स्टोअरमधून काढलेली की हरवली की पगारातून कापायचे. (असं सरसकट कापता येत नाही. ती वस्तू तुझ्या ताब्यात दिलेली होती आणि तुझ्या निष्काळजीपणाने गेली हे ठरावं लागतं, आणि त्याआधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं. पण कोण भांडणार शंभर रुपयांसाठी.) गॉगल, बूट, कानाचे प्लग मात्र वेगळे. ही हत्यारं नव्हेत, हे संरक्षण आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ११४ होतं: कायद्याने मालकाने पुरवायच्या सोयींसाठी कामगाराकडून पैसे घ्यायचे नाहीत. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या संहितेतही तेच तत्त्व आहे. तुमच्या शॉपला तो कायदा लागू होतो का हे कामगारांच्या संख्येवर ठरतं, आणि नऊ मशिनच्या शॉपमध्ये ती संख्या काठावर असू शकते. पण कायदा लागू असो-नसो, ज्या दिवशी चिप उडून डोळ्यात जाईल त्या दिवशी ‘गॉगल त्याचा स्वतःचा होता, कसला होता कोणास ठाऊक’ हे वाक्य तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. गॉगलचं बिल असेल तर दे आणि पैसे माग. बिल नसेल तर सोड, पुढचा मात्र कंपनीकडूनच घे.

फोनचं तुला फार वाटत नसेल, मला वाटतं. ड्रॉइंग तुझं नाही, तुझ्या कंपनीचंही नाही, ते गिऱ्हाइकाचं आहे. ते तुझ्या व्हॉट्सॲपवर येतं, गॅलरीत पडतं, तिथून तुझ्या खाजगी बॅकअपमध्ये जातं, आणि उद्या तू दुसऱ्या शॉपमध्ये मुलाखतीला बसलास तेव्हाही ते तुझ्या खिशात असतं. वर आणखी एक खड्डा: ड्रॉइंगची रिव्हिजन (आवृत्ती) बदललेली असते आणि तू फोनमधल्या जुन्या फोटोवर जॉब चालवतोस. मशिनशेजारी कागदावर छापलेलं, शिक्का मारलेलं ड्रॉइंग माग. यासाठी तर खर्चही नाही, एका प्रिंटचे पैसे.

हे फक्त छोट्या शॉपचंच दुखणं आहे असं समजू नकोस. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल गठ्ठ्याने परत केले होते. फोन जुने, मेमरी तोकडी, पोषणाच्या नोंदी भरायचं पोषण ट्रॅकर ॲप त्यात धड चालेना, आणि काम अडू नये म्हणून अनेकींना घरचा फोन वापरावा लागत होता. मला त्यांची रीत आवडली होती. निकामी हत्यार ड्रॉवरमध्ये ठेवून स्वतःचं काढायचं, याऐवजी त्यांनी ते टेबलावर नेऊन ठेवलं. तुझा बिनरॅचेटचा मायक्रोमीटर त्याच जातीचा आहे. कंपनीच्या लेखी तुमच्याकडे मायक्रोमीटर ‘आहे’.

तेव्हा मागायचं कसं. तोंडी मागितलेलं हवेत जातं, आणि रागाने लिहिलेलं तुझ्यावर उलटतं. साधा मेसेज, सुपरवायझरला, शक्यतो क्वालिटीच्या ग्रुपवर: ‘सर, ०-२५ मायक्रोमीटरचा रॅचेट काम करत नाही. आज एकच पिन तिघांनी मापली, तीन मापं वेगळी आली, फोटो जोडले आहेत. दुरुस्तीला पाठवायचा का? तोपर्यंत फायनल माप कोणत्या इन्स्ट्रुमेंटने घेऊ, कृपया कळवा.’ यातलं शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तू ‘द्या’ म्हणत नाहीस, निर्णय त्यांच्या हातात देतोस. उत्तर नाही आलं तरी तारखेसकट प्रश्न राहतो. मी २००४ मध्ये एवढी एक चिठ्ठी लिहिली असती तर मीटिंगमध्ये माझ्याकडे दाखवायला काहीतरी असतं.

आणि मालकाशी बोलायची वेळ आलीच तर मानकं काढू नकोस, ६२ पिनांचा हिशोब काढ. माल, मशिनचा वेळ, परत आलेल्या टेंपोचं भाडं. तो आकडा मायक्रोमीटरच्या किमतीशेजारी ठेव आणि गप्प बस. लहान शॉपचा मालक वाईट असतोच असं नाही. गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, जीएसटी आधी भरावा लागतो, त्यामुळे जे आज अडत नाही ते पुढे ढकलायची त्याला सवय लागलेली असते. तुझं काम त्याला दाखवायचं की हे आज अडलंय. स्वतःच्या पैशाने तूच ते सोडवलंस तर ते त्याला कुठून दिसणार?

हे सगळं करून दोन-तीन महिन्यांत काहीच हललं नाही, तर मात्र माझा सल्ला बदलतो. तेव्हा साधा, मेकॅनिकल, ०-२५ चा मायक्रोमीटर रोख घे, हप्ता नको. आणि तो या कंपनीसाठी घेतोय असं समजू नकोस. चांगला ठेवलास तर वीस वर्षं टिकेल, पुढच्या नोकरीत पहिल्या दिवशी तो डब्यातून काढशील तेव्हा तुझी पारख निम्मी तिथेच होईल. वापरून झाल्यावर पुसून, तेलाचा हलका हात देऊन, जबडा किंचित उघडा ठेवून डब्यात टाक, घट्ट मिटून नाही. शून्य दर शिफ्टला दोनदा बघ. सकाळी, आणि जेवणानंतर.

एक माहिती तू दिलेली नाहीस आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे: त्या पिनेचा व्यास आणि टॉलरन्स. ड्रॉइंगचा फोटो टाकू नकोस, नुसते आकडे लिही. आणि परत आलेल्या ६२ पैकी एखादी अजून शॉपमध्ये असेल तर गार असताना तीन ठिकाणी मापून तीही मापं लिही. तिन्ही एकसारखी आली तर हत्याराकडे बघू, टोकाला वेगळी आली तर प्रश्न मायक्रोमीटरचा नाही, टेलस्टॉकचा, म्हणजे लेथवर जॉबचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाचा आहे.